हरीकाकांचा ‘ण’

हरीकाकांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही. ‘आ करा,’ म्हणाले.

मी वसईतल्या पापडी गावच्या बाजारात वांगी निवडत होते. भाजीवालीशी चार वाक्यं बोलले असेन, तेवढ्यात शेजारी एक उंच, काटकुळे गृहस्थ येऊन उभे राहिले. पूर्ण बाह्यांचा इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाली खाकी अर्धी चड्डी, खिशात सोनचाफ्याचं फूल आणि फुलाशेजारी नादकाटा. म्हणजे शाळेत विज्ञानाच्या तासाला आवाज कसा निर्माण होतो ते दाखवायला मास्तर टेबलावर आपटायचे, तो दोन पायांचा चिमटा. त्यांनी तो स्वतःच्या गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला आणि मला म्हणाले, "जरा आ करा."

परक्या माणसापुढे मी तोंड उघडते ती फक्त दातांच्या डॉक्टरकडे. पण त्यांच्या सांगण्यात असा काही अधिकार होता की मी आ केला.

"नुसतं तोंड नको. आवाज."

मी आवाज काढला. भाजीवालीच्या हातातला तराजू तसाच लटकत राहिला.

"खालच्या पट्टीचा, दुसरा आवाज," ते स्वतःशीच पुटपुटले. "थोडा मळलाय. धुतला की निघेल. रविवारी दुपारी सांडोरला या, राऊतांची वाडी कोणीही दाखवेल. दही खाऊन येऊ नका." एवढं बोलून ते निघून गेले.

भाजीवाली म्हणाली, "जावा ताई. चांगले हायत ते. माझापन आ केला होता. मना बोलले, तुमी वांगीच विका."

वसईच्या आमच्या भागात हरिश्चंद्र राऊत यांनी ज्याचा आ तपासला नाही असा माणूस शोधावा लागेल. बँकेत पासबुक भरून देणाऱ्या मुलीचा त्यांनी काचेच्या भोकातून तपासला. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला थांबवून ‘जिलेबी’ पुन्हा म्हणायला लावलं. शेजारच्या आळीत कोणीतरी वारलं, तेव्हा रडणाऱ्या बायकांमध्ये त्यांना एक फार सुरेख खालचा आवाज सापडला. पण माणूस विवेकी. त्या बाईंना विचारायला ते तेराव्यापर्यंत थांबले.

त्यांच्याकडे एक जुनी स्कूटर आहे. ती ते कधीच दुसऱ्या गिअरच्या वर नेत नाहीत, कारण तिसऱ्यात ती बेसूर होते. त्यामुळे हरीकाकांच्या मागे नेहमी रिक्षांची रांग असते. रिक्षावाले हॉर्न वाजवतात आणि हरीकाका मान डोलावतात. दाद दिल्यासारखी.

मी त्या रविवारी गेले, ते निव्वळ कुतूहलापोटी. अनोळखी माणसाच्या वाडीत एकटीने जायचं नाही म्हणून माझा नवरा सुधीर बरोबर आला. सुधीर आयुष्यात कधी गायलेला नाही. राष्ट्रगीताच्या वेळीही तो फक्त ओठ हलवतो. हरीकाकांनी त्याचा आ ऐकला, नादकाटा खिशात ठेवला आणि विचारलं, "श्वास घेता येतो?" सुधीर म्हणाला, येतो. "मग उजवीकडे, श्वासवाल्यांत बसा." अशा रीतीने आम्ही दोघं त्यांच्या गानवृंदात दाखल झालो.

तालीम चाले काकांच्या ओटीवर. समोर केळी, मागे विहीर, कुंपणाला सोनचाफा. काकांचं घराणं इथल्या जुन्या बागायतदारांपैकी. घरात वडिलांचं भजनी मंडळ होतं, आणि पलीकडे चर्च. लहानपणी हरी दर रविवारी चर्चच्या खिडकीखाली उभा राहून आतलं गाणं ऐकायचा. आत चार प्रकारचे आवाज एकाच वेळी चार वेगवेगळ्या वाटांनी जातात आणि तरी भांडण होत नाही, याचं त्याला फार नवल वाटायचं, कारण त्याच्या घरच्या भजनात सगळे एकाच वाटेने जात आणि तरी भांडण होई. तिथल्या ऑर्गन वाजवणाऱ्या मास्तरांनी एकदा त्याला खिडकीतून पाहिलं आणि आत बोलावलं. पुढे अनेक वर्षं त्याला पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवलं. वडिलांना कळलं तेव्हा ते म्हणाले, भजनाला उशीर नको म्हणजे झालं.

मग टेलिफोन खात्यात नोकरी. कानाला यंत्र लावून लोकांच्या लाइनीतली खरखर शोधायची, एकाच्या बोलण्यात दुसऱ्याचं बोलणं घुसलं असेल तर ते वेगळं करायचं. हरीकाका सांगत, "जन्मभर माणसांचे आवाज सोडवत बसलो. सोडवायच्या आधी ते इतके छान वाटायचे, की वाईट वाटायचं." निवृत्त झाले आणि त्यांनी आवाज पुन्हा गुंतवायला घेतले. पत्नी वत्सलाकाकू त्याआधीच गेल्या होत्या. मुलगी नाशिकला संसारात. घर मोठं आणि ओटी त्याहून मोठी.

वृंदात आम्ही पंचवीस-तीस जण होतो, पण काकांना आमची नावं माहीत नव्हती. माहीत करून घ्यायची गरजही वाटत नव्हती. त्यांच्यासाठी आम्ही आवाज होतो. चर्चच्या कॉयरमध्ये गाणाऱ्या फिलोमिनाताईंना ते ‘गादी’ म्हणत, कारण त्यांच्या मऊ, रुंद आवाजावर बाकीच्यांना टेकता येई. मराठीच्या निवृत्त शिक्षिका कर्णिक मॅडम म्हणजे ‘टाचणी’. मॅडमना हे बरेच दिवस आपल्या शिस्तीचं कौतुक वाटत होतं. आणि बेबीताई म्हणजे ‘चौथा मजला’.

बेबीताई आमच्या सोसायटीत मासे घेऊन येतात. फाटकाशी टोपली उतरवून त्यांनी ‘पापलेट’ म्हटलं, की वर चौथ्या मजल्यावर आमच्या खिडकीची काच थरथरते. एकदा काका माझ्याकडे आले असताना ती हाक आली. ते चहाचा कप घेऊनच जिना उतरले. वर आले तेव्हा कपात चहा नव्हता, बशी हरवली होती आणि बेबीताई रविवारी यायला कबूल झाल्या होत्या. सोबत त्यांच्या कोळीवाड्यातल्या आणखी तिघी-चौघी.

आता माझ्या कवितेबद्दल.

आमच्या सोसायटीचा वार्षिक अंक निघतो. त्यात अध्यक्षांचं मनोगत, पाण्याच्या टाकीच्या सफाईचं वेळापत्रक, आणि मधल्या रिकाम्या जागेत कोणाचं तरी साहित्य. त्या वर्षी माझी चार ओळींची कविता आली होती.

विहिरीत वाकून पाहिलं.
पाणी म्हणालं, कोण?
मी माझं नाव सांगितलं.
पाणी म्हणालं, कोण?

कोणी काही बोललं नाही. सुधीरने विचारलं, पुढची ओळ छापायची राहिली का. पण हरीकाकांनी तो अंक केस कापायला बसले असताना वाचला आणि अर्धे केस कापलेले असतानाच आमच्याकडे आले.

"ही तुमची?"

"हो."

"फार चांगली आहे. मी ती मोडणार आहे."

कवीला आयुष्यात मिळालेली पहिली दाद अशी असावी का, याचा मी अजून विचार करते आहे. पण त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मी मान हलवली.

"तुम्हांला कळलंय का यात काय आहे?" ते म्हणाले. "पाणी. म्हणालं. कोण. सगळा ण आहे. ण धरून ठेवता येतो. क धरता येत नाही, त धरता येत नाही, तोंडातून निसटतात. ण तोंडात फिरत राहतो. विहिरीत घुमल्यासारखा. म्हणून पाहा."

मी म्हणाले. ण्ण्ण्. खरंच, टाळूला कुठेतरी मुंग्या आल्या.

पुढचे कित्येक रविवार आम्ही त्या कवितेतलं एकही अक्षर म्हटलं नाही, ण सोडून. आधी श्वासवाल्यांनी नुसता श्वास घ्यायचा आणि सोडायचा, पहाटेच्या वाडीसारखा. मग त्या श्वासातून पहिल्या आवाजाने ण उचलायचा, मग दुसऱ्याने थोडा खाली, मग ‘गादी’ने सगळ्यांच्या खाली. कोणतीही चाल नाही, ताल नाही, पेटी नाही, तबला नाही. सुधीर ऑफिसात सांगत असे की माझ्या बायकोच्या कवितेचं गाणं होतंय, आणि त्यात माझा सोलो श्वास आहे.

मी एकदा धीर करून विचारलं, "काका, शब्द कधी येणार?"

"घाई काय आहे," ते म्हणाले. "आधी विहीर तरी खणू द्या."

आणि एका रविवारी ती खणून झाली. ओटीवर बसलेल्या आमच्यासारख्या संसारी माणसांच्या नाकातोंडातून असं काहीतरी एकत्र निघालं, की अंगणात पडलेला कुत्रा उठून बसला आणि आमच्याकडे पाहत राहिला. काकांनी हात खाली केला. माझ्या चार फुटकळ ओळींच्या खाली इतकं खोल काही असेल, हे मला माहीत नव्हतं. त्या माणसाला ते न्हाव्याच्या खुर्चीवर बसून ऐकू आलं होतं.

घोळ झाला तो शब्द आल्यावर. सगळ्या रचनेत एकच शब्द सगळ्यांनी एकदम म्हणायचा होता: पाणी. आम्ही सोसायटीवाले म्हणालो, पाणी. बेबीताई आणि त्यांच्या मैत्रिणी म्हणाल्या, पानी.

कर्णिक मॅडम थांबल्या. त्या वाईट बाई नाहीत. पण त्यांनी जन्मभर मुलांचे ण दुरुस्त केलेले. त्या प्रेमानेच म्हणाल्या, "बेबीताई, जीभ अशी वर वळवायची. बघा माझ्याकडे. पाणी."

"पानी," बेबीताई म्हणाल्या.

"वर. टाळूला लावा."

"पान्नी."

श्वासवाल्यांपैकी कोणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी दोघं. काकांचं लक्ष त्या वेळी मॅडमकडे नव्हतं, हसणाऱ्यांकडेही नव्हतं. ते डोळे मिटून उभे होते, कारण त्या दोन उच्चारांच्या मध्ये त्यांना काहीतरी सापडलं होतं. डोळे न उघडताच ते भराभर हात करून म्हणाले, "चौथा मजला, बोलू नका. बोलू नका. नुसता न धरा. न. हां, तेवढंच पाहिजे तुमच्याकडून."

बेबीताई उठल्या. पदर खोचला.

"मी काय भोंगा हाय?" त्या म्हणाल्या, आणि मैत्रिणींना घेऊन निघून गेल्या. वाजवीपेक्षा एकही शब्द जास्त बोलल्या नाहीत.

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. सोसायटीत मासे द्यायला येत होत्या, पण हाक मारत नव्हत्या. फाटकाशी गप्प बसून राहत, आणि आम्हांला कळायचं नाही की त्या आल्यात. महोत्सव जवळ आला होता. आमच्या भागातला सांस्कृतिक महोत्सव, शाळेच्या मैदानावर, त्यात काकांनी मोठ्या खटपटीने आमच्यासाठी वेळ मिळवली होती. कर्णिक मॅडमना मनातून लागलं होतं. "मी चुकीचं काय शिकवलं?" असं त्या सगळ्यांना विचारत होत्या.

काका म्हणाले, "त्यांच्या जागी कोणी बसवता येणार नाही. तो न मला दुसऱ्या कोणाकडून नको."

"मग जाऊन सांगा ना त्यांना," मी म्हणाले.

"काय सांगू?"

हा प्रश्न त्यांनी खरोखर विचारला होता. लाइनीतला दोष दुरुस्त करणारा माणूस, पण एखाद्याच्या दारात जाऊन चुकलो म्हणायचं कसं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी मीच त्यांच्या स्कूटरवर मागे बसले. दुसऱ्या गिअरमध्ये, रिक्षांची वरात घेऊन आम्ही कोळीवाड्यात पोहोचलो.

बेबीताई अंगणात बोंबील वाळत घालत होत्या. आम्हांला पाहून त्यांनी बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि पुन्हा बोंबलांकडे वळल्या. काका खुर्चीच्या टोकावर बसले. काही सुचेना म्हणून त्यांनी खिशातून नादकाटा काढला.

"तो चिमटा आत ठेवा," बेबीताई म्हणाल्या.

काकांनी आत ठेवला. मग म्हणाले, "तुमचं नाव काय?"

"बेबी."

"ते हाक मारायचं झालं. नाव?"

"चंद्रकला." त्या वळल्या. "लग्नात एकदा बोलले होते, त्यानंतर आज कोनी विचारला."

"चंद्रकलाताई, मी त्या दिवशी डोळे मिटले होते. माझं चुकलं. मला न ऐकू आला, तुम्ही ऐकू आल्या नाहीत."

बेबीताई काठीवर एक बोंबील अडकवून थांबल्या. रागात नव्हत्या, पण सांगायचं होतं ते त्यांनी सांगितलं.

"माझी पोरगी कॉलेजला जाते. आमी तिला शिकवली, चांगला झाला. ती आता पाणी बोलते. तुमच्यासारखा. आनि तिच्या मैत्रिनी घरी आल्या, मी पानी देऊ काय विचारला, की ती पोरगी माझ्याकडे नाय बघत. मैत्रिनींकडे बघते. कोन हसला काय ते बघते. तुमी मना बोलले तुमच्यासारखाच गावा, म्हनून मी आले. वाटला, हिला एकदा बोलवीन बघायला. आनि तिथंपन हसले."

काकांनी हातातलं पाणी सगळं पिऊन टाकलं. मग ते म्हणाले की आमच्या घरातही आमची वेगळी बोली होती. ऑफिसात लागलो तेव्हा साहेब हसले, म्हणून मी फोनवर शुद्ध बोलायला शिकलो. इतका शिकलो की आता झोपेतही शुद्ध बोलत असेन. "तुम्ही तुमचं सोडलं नाही. मी सोडलं. म्हणून मला तुमचा न इतका लागला असेल कानाला. पण ते तुम्हांला नीट सांगायला पाहिजे होतं."

बेबीताईंनी हात धुतले. "चहा करते," त्या म्हणाल्या. आम्ही समजलो.

पुढच्या रविवारी काकांनी तालमीआधी सगळ्यांना एकेक करून नाव विचारलं. सगळी चुकीची लक्षात ठेवली, पण विचारलं. सुधीरला ते अजून सुरेश म्हणतात. मग त्यांनी आम्हांला सांगितलं की आता या रचनेत पाणी आणि पानी दोन्ही आहेत. एक वरून येईल, एक खालून, आणि कोणी दुसऱ्याकडे सरकायचं नाही. कर्णिक मॅडमना त्यांनी बेबीताईंच्या शेजारी उभं केलं. मॅडमनी हळूच विचारलं, "तुमचा न कुठे लावता हो?" बेबीताई म्हणाल्या, "लावायचा काय, तिथंच असतो." मॅडमनी प्रयत्न केला. जन्मभर वळलेली जीभ सरळ होईना. या वेळी आधी मॅडमच हसल्या.

महोत्सवात आम्हांला शाळेच्या समूहनृत्यानंतर आणि पाककृती स्पर्धेच्या बक्षिसांच्या आधी जागा मिळाली होती. साउंडवाला काकांकडे आला आणि पेनड्राइव्ह मागितला. काका म्हणाले, नाही. "मग ट्रॅक कशात आहे?" काकांनी आमच्याकडे बोट दाखवलं. तो बिचारा आमच्याकडे पाहत मागे मागे गेला.

सुरुवात झाली. श्वासवाल्यांनी श्वास घेतला, सोडला. दुसऱ्यांदा घेतला, आणि साउंडवाला धावत मंचावर आला. त्याला वाटलं माइक बिघडला. त्याने सुधीरपुढच्या माइकवर टकटक केलं, "हॅलो, चेक" म्हणाला. प्रेक्षक हसले. काकांनी हात तसाच वर ठेवला आणि त्याची टकटक संपायची वाट पाहिली, जणू ती रचनेतच होती. तो उतरला. मग ण उगवला.

पहिल्या रांगांत कुजबूज होती. कोणीतरी म्हणालं, गाणं कधी सुरू होणार. काकांनी आमच्यापैकी काही जणांना आधीच प्रेक्षकांत, मागच्या खुर्च्यांवर बसवलं होतं. मंचावरून आम्ही म्हणालो, "कोण?" आणि मागून, अंधारलेल्या बाजूने, फिलोमिनाताईंनी विचारलं, "कोण?" मैदानातल्या सगळ्या माना एकदम मागे वळल्या. मग डावीकडून, मग फाटकाकडून. कोण. कोण.

मधल्या रांगेत एक लहान मुलगी आईच्या मांडीवर बसली होती. ती मोठ्याने म्हणाली, "मी."

हशा पिकला. मला वाटलं, आता संपलं. माझी कविता, काकांची विहीर, सगळं बुडालं. पण काका प्रेक्षकांकडे वळले. त्यांनी त्या मुलीकडे हात केला, आमच्याकडे करतात तसा, आणि आम्हांला पुन्हा खूण केली. कोण? ती म्हणाली, "मी." तिच्या मागून आणखी दोघं-तिघं. कोण? आता कितीतरी. म्हातारे, बायका, बक्षीस घ्यायला आलेल्या पाककृतीवाल्या. काका थांबले नाहीत. लिहिलं होतं त्याच्यापेक्षा कितीतरी लांब त्यांनी ते नेलं. मी कविता लिहिली तेव्हा माझ्या पाण्याला उत्तर पटत नव्हतं. इथे मैदानभर माणसं उत्तर देत होती, आणि त्यांच्या वर बेबीताईंचा आवाज चढला, "पानी", आणि त्याला लागून मॅडमचा, "पाणी". ते एकमेकांत मिसळले नाहीत. शेजारी शेजारी राहिले. मग सगळं शांत झालं.

टाळ्या लगेच आल्या नाहीत. आल्या तेव्हा बऱ्या आल्या. आयोजकांपैकी एक जण म्हणाले, "वेगळं होतं." आणि पाककृतीची बक्षिसं सुरू झाली.

मंचामागे बेबीताईंची मुलगी आली, दोन मैत्रिणींना घेऊन. मैत्रीण विचारत होती, तो वरचा आवाज कोणाचा होता गं. मुलगी म्हणाली, "पानीवाला ना? आई आहे ती माझी." बेबीताई ऐकून न ऐकल्यासारखं करून माझ्या साडीची पिन लावत राहिल्या. पिन तीनदा टोचली.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. सगळ्यांना तसंच वाटलं. रविवार मोकळा झाला म्हणून मी बहिणीकडे जायचं ठरवलं, सुधीरने झोपायचं. पण शनिवारी वृंदाच्या व्हॉट्सॲप गटावर काकांचा निरोप आला: ‘दुसऱ्या भागात गंभीर चूक आढळली आहे. उद्या तालीम. सर्वांनी यावे.’

कर्णिक मॅडमनी विचारलं, कार्यक्रम झाला ना? कोणीतरी लिहिलं, आता चूक सुधारून काय करायचं? मला मात्र चैन पडेना. कविता माझी होती. मी बहिणीला कळवलं आणि दुपारी सगळ्यांच्या आधी सांडोरला गेले.

ओटीवर सगळ्या चटया अंथरलेल्या होत्या. एकही कमी नव्हती. ताटात कप मांडून झाकून ठेवले होते, बाजूला केळीच्या सोपटात बांधलेली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, प्रत्येकाला एक. काका पायरीवर बसले होते. मागे घरात काहीच आवाज नव्हता. पंख्याचासुद्धा.

"चूक कुठे आहे, काका?"

"बारीक आहे."

"दाखवा तरी."

त्यांनी कागद चाळले, एका ठिकाणी बोट ठेवलं. मी वाकून पाहिलं.

"इथे तर आपण सगळे गप्प असतो."

"हं," ते म्हणाले. कागद मिटले. केळींकडे पाहत बसले. मग म्हणाले, "वत्सला दिवसभर भांडायची. चप्पल ओटीवर आणली, चहा गार केला, भाजीत मीठ कोणी सांगितलं. ती आतून बोलायची, मी इथून उत्तर द्यायचो. आमच्या बोलीत, ती तेवढी तिच्याशीच उरली होती. तेव्हा मला ती कटकट वाटायची. मी म्हणायचो, जरा ऐकू दे." थोड्या वेळाने म्हणाले, "या आठवड्यात फक्त दूधवाल्याशी बोललो. तो घाईत असतो."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले.

बाहेर रिक्षा थांबली. बेबीताई आणि त्यांच्या मैत्रिणी उतरल्या, मागोमाग कर्णिक मॅडम छत्री सावरत आल्या, मग फिलोमिनाताई. सुधीरही आला, झोपेतून उठून, केस विस्कटलेले. एकेक करत अंगण भरलं.

"कुठं चुकला आमचा?" बेबीताईंनी विचारलं.

काकांनी मिटलेले कागद पुन्हा उघडले आणि पानं मागेपुढे करत राहिले.

"दुसऱ्या भागात," मी म्हणाले. "एके ठिकाणी नाही, बऱ्याच ठिकाणी आहे. वेळ लागेल."

बेबीताईंनी माझ्याकडे पाहिलं, मांडलेल्या कपांकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. "लागू द्या की," त्या म्हणाल्या, आणि आपल्या चटईवर जाऊन बसल्या. कर्णिक मॅडम शेजारी सरकल्या.

काका उठले. शर्ट नीट केला. "सुरुवातीपासून घेऊ," ते म्हणाले. "सुरेश, श्वास."

चूक अजून सापडलेली नाही. आम्ही दर रविवारी शोधतो.